वूफरमधला जास्तीचा ठेका

मुलाने, दीपकने पुण्याहून पाठवलेला वूफर धामणगाव बढ्यातल्या घरात बैठकीच्या भिंतीला टेकून बसला आणि पहिल्याच गाण्याला त्यातून गाण्यात नसलेला आवाज यायला लागला. धिप्प, टक् टक्, धिप्प.

"अवो, हे काय वाजून राह्यलं?" कोकिळाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"गाणं हाये," मोतीराम म्हणाले.

"गाणं मले समजते. गाण्याच्या मागं कोणीतरी कांडून राह्यलं ना!"

रविवारी सुनेचं, राखीचं डोहाळजेवण होतं. तिच्या माहेरची मंडळी देऊळगाव राजाहून येणार होती. व्याह्यांसमोर नवीकोरी वस्तू अशी कांडायला लागली तर काय, या विचाराने कोकिळाबाईंची पोळी तव्यावरच करपली.

मोतीराम भजनी मंडळात मृदंग वाजवत. त्यांनी वूफरला कान लावला. आवाज होता, पण त्यांना भलत्याच गोष्टीचं नवल वाटलं.

"ऐक नं वं. हे ठेक्यात हाये."

"मंग?"

"मंग काय! बिघडलेली वस्तू ठेक्यात कशी काय बिघडन?"

"तुमाले त्यातही भजनच दिसते. दीपकले फोन लावा आधी."

दीपकने पुण्यातून निदान केलं, "बाबा, वूफर हादरला की आजूबाजूच्या वस्तू वाजतात. त्या हलवून बघा." झालं. शोकेसमधले ग्लास उतरले, लग्नाचा फोटो उतरला, भिंतीवरचं घड्याळ उतरलं. खिडकीच्या काचांत कागदाच्या घड्या बसल्या. बैठक घर बदलायला काढल्यासारखी दिसू लागली. गाणं लावलं. धिप्प, टक् टक्, धिप्प. मग वूफरखाली गादी घातली. वूफर आरामात लोळला आणि आवाज तसाच राहिला.

शेवटी मोतीराम त्याला मांडीवर घेऊन एसटीने मोताळ्याला गेले. कंडक्टरने "नातू का काका?" असं विचारलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. मोताळ्यातला दुरुस्तीवाला प्रज्वल याने जाळी काढली, आतला पडदा बोटांनी दाबून पाहिला, वायरी ओढून पाहिल्या आणि मग इतक्या जोरात गाणं लावलं, की समोरच्या केळीवाल्याने हातगाडी पुढे ढकलली. जास्तीचा आवाज नाही. एकही टक् नाही.

"काका, हा तर ठणठणीत हाये. तुमच्या घरातच काही असन," प्रज्वल म्हणाला.

"घराले काय बिघाड होते का कधी?" वूफर घरी परत आल्यावर कोकिळाबाई चिडून म्हणाल्या. त्यांनी स्वतः गाणं लावलं आणि आवाज सुरू होताच रागाच्या भरात मधेच वायर उपटली.

गाणं थांबलं. बंद वूफरमधून मात्र आणखी दोनदा वाजलं. धिप्प. टक्. मग शांतता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, वूफरकडे पाहिलं आणि मग वूफरच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत सामाईक होती. पलीकडे तानाबाई राहत होत्या. सांडपाण्याच्या नालीवरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत शब्द नव्हता. डोहाळजेवणाचं बोलावणंही कोकिळाबाईंनी मुद्दामच दिलं नव्हतं.

"भिंत ठोकून राह्यली बाई! माह्या सुनेच्या डोहाळजेवणावर डोळा!" पदर खोचून त्या निघाल्या. मोतीराम "अवं, थांब नं" करत मागे धावले.

तानाबाईंचं दार उघडंच होतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मांडीजवळ तेलाचा रिकामा डबा उपडा घातलेला, दोन्ही हात डब्यावर आणि डोळे मिटलेले. मधेच थांबलेलं गाणं पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत असाव्यात. चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले आणि चोरी पकडल्यासारखे हात पदराखाली घेतले.

कोकिळाबाईंनी वाटेत जमवलेली वाक्यं दारातच अडकली.

"तिकडं ऐकू येते का?" तानाबाईंनी हळूच विचारलं. "मले वाटलं, भिंत जाड हाये."

"तुमी... वाजवून राह्यल्या होत्या?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"माहेरी बाप ढोलकी वाजवे. मी ऐकून ऐकून शिकली, पण पोरीच्या हाती ढोलकी कोण देते? सून-पोरगा वावरात गेले, की डब्यावर हात मारून घेतो. तुमचं गाणं लागलं, अन् हातच थांबेना. चुकलंच माहं."

मोतीराम एव्हाना उंबऱ्यावर बसले होते. नाली, भांडण, वूफर, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

"चुकलं कसं? बाई, ते टक् टक् घेऊन तुमी समेवर येता, ते कसं करता? मले इतके वर्ष जमून नाई राह्यलं. एकडाव दाखवा बरं."

तानाबाईंनी कोकिळाबाईंकडे पाहिलं. कोकिळाबाईंचा पदर अजून खोचलेलाच होता. त्यांनी तो सावकाश सोडला आणि त्याही खाली बसल्या.

"दाखवा नं," त्या म्हणाल्या. तानाबाईंनी वाजवून दाखवलं. तेलाचा डबा असा बोलू लागला, की मोतीरामांनी उस्तादापुढे धरावेत तसे दोन्ही कान धरले. शेवटी कोकिळाबाईच म्हणाल्या, "रविवारी या तानाबाई. डबा राहू द्या, आमच्याकडं मंडळाची ढोलकी हाये. पण या मात्र नक्की."

रविवारी वूफरवर स्वच्छ फडकं घालून ओटीचं ताट ठेवलं होतं. बैठकीत राखीला फुलांनी सजवून बसवलं होतं, बायका गात होत्या आणि तानाबाईंची ढोलकी अशी काही चालली होती, की राखीची आई हातातला पेढा खायचं विसरली.

पुरुषमंडळी बाहेर मांडवात होती. व्याही भागवतराव मान डोलावत मोतीरामांकडे झुकले.

"दीपकनं वस्तू भारी पाठवली बरं! काय ठोका हाये! कोणत्या कंपनीचा?"

"शेजारचा हाये," मोतीराम अभिमानाने म्हणाले.

"असं का. चांगलं करते ते लोक." भागवतरावांनी डोळे मिटून पुन्हा कान दिला आणि जरा संकोचून म्हणाले, "पण एक सांगू का? मधूनमधून बारीक खणखण येते. वॉरंटी असन तर बदलून घ्या."

"नाई भागवतराव," मोतीराम म्हणाले, "त्या बांगड्या हायेत."