जिवल्याचं छप्पर पक्कं झालं

सकाळी सात वाजता जिवल्या स्वतःच्याच घराचे पत्रे उतरवत होता आणि खाली उभी त्याची बायको ठमी त्याला घाई करत होती. अकराला सर्वेवाला यायचा होता. घरकुलाच्या यादीत नाव लागायचा हा शेवटचा दिवस. पुढचा सर्वे पाच वर्षांनी, आणि मागची कुडाची भिंत तर गेल्या श्रावणातच आडवी झाली होती.

पत्रे उतरवायला लावणारी बातमी शेजारच्या अंकुशनं आणली होती. तो ग्रामपंचायतीत शिपाई. कायदा बदललाय, पत्र्याचं घर आता पक्कं धरायचं आणि पक्क्याला घरकुल नाही, असं त्यानं सांगितलं. बदलला म्हणजे काय, पत्र्याला मान हवा म्हणून पत्रेवाले आणि निधी हवा म्हणून बिल्डर, दोघं अधिवेशनभर आमदारांच्या मागं फिरले, त्यांना जेवू घातलं. एका ओळीच्या दुरुस्तीनं निम्मे गरीब बसल्या जागी पक्क्या घरात गेले. वाचलेला पैसा बोईसरच्या टॉवरमधल्या फ्लॅटवाल्यांच्या कर्जाचं व्याज उतरवायला वळवला. त्याच टॉवरच्या विटा जिवल्या वाहत होता. त्याला कुणी विचारलं नाही. विचारत नसतातच.

दहापर्यंत पाड्यातल्या चौघांनी पेंढा आणि ताडाची पानं चढवली. घर इतकं भिकार दिसू लागलं की जिवल्याला हायसं वाटलं. पण सात पत्रे ठेवायचे कुठं? शिवाय मे महिन्याचं ऊन. लग्न असो की साहेब, पाड्यावर पाहुण्याला आधी मांडव लागतो. मग काय, अंगणात चार मेढी रोवल्या आणि वर तेच पत्रे टाकले.

सर्वेवाला प्रफुल्ल बाईकवरून घामानं निथळत आला. मांडवाखाली बसला, पाणी प्यायला, चार ताडगोळे खाल्ले. मग मोबाइल काढून त्यानं जिवल्याला तिथंच उभं केलं आणि फोटो मारला.

“साहेब, घर तिकडं हाय,” जिवल्या म्हणाला.

“अ‍ॅपनं पत्रा बघितला, पक्कं घर धरलं. एकदा वर गेलेली नोंद परत येत नाही, काका.”

“पन याला भिंती कुठं हायत?”

“भिंतींचं कायद्यात काही नाही. छप्पर बघायचं.”

“मंग आमी रातो ते काय हाय?”

प्रफुल्लनं पेंढ्याच्या घराचाही फोटो मारला आणि मोबाइल जिवल्यापुढं धरला. तिथं ‘गोठा’ असं आलं होतं.

जिवल्या मेढ उपटायला धावला. अंकुशनं त्याला कमरेला मिठी मारून अडवलं. सरकारात नोंदलेलं पक्कं घर पाडलं तर गुन्हा लागेल, असं तो सांगू लागला. लागेल की नाही ते प्रफुल्ललाही सांगता येईना.

ठमी पुढं आली. तिनं शांतपणे विचारलं, गोठ्याला काही योजना हाय का. प्रफुल्लनं मोबाइलमध्ये शोधलं. होती. दूधवाल्यांची संघटनाही अधिवेशनात फिरली होती. विटांच्या भिंती, सिमेंटची जमीन, वर पाण्याची टाकी. घरकुलापेक्षा दोन हात मोठाच.

“मंग त्यात नाव घाला आमचं.”

“गुरं किती?”

ठमीनं नवऱ्याकडं एकवार नीट पाहून घेतलं.

“एक लिवा,” ती म्हणाली. “दूध नाय देत.”