विमानाची तिसरी किल्ली

मामांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली तीन ओळी छापलेल्या होत्या : 'सूक्ष्म निरीक्षक. रहस्यभेदक. निवृत्त.' यांतली फक्त शेवटची ओळ सरकारमान्य होती.

मामा रेल्वेच्या हरवले-सापडले खात्यात एकतीस वर्षं बसले. छत्रीच्या दांड्यावरून नुसती नजर फिरवून ते सांगत, मालक डावरा आहे, विधुर आहे आणि जावयाशी त्याचं पटत नाही. मालक बहुधा छत्री न्यायला येतच नसे. त्यामुळे एकतीस वर्षांत मामांचा एकही अंदाज चुकीचा ठरला नव्हता, आणि हे ते कुणालाही, न विचारता, सांगत.

त्यांची भाची मात्र आपल्या कामाबद्दल फारसं बोलत नसे. ती कुलूपवाली होती. शहराबाहेर खासगी विमानांची एक छोटी धावपट्टी होती आणि तिथल्या चौदा विमानांची कुलपं तिच्याकडे होती. विमानाला कुलूप असतं, हे ऐकून लोक आधी हसतात. त्याला दाराचं एक असतं, सामानाच्या कप्प्याचं एक आणि इंजिन चालू करायचं एक. तिन्हींच्या किल्ल्या तीन, आणि तिन्ही बहुधा मालकाच्या दुसऱ्याच पँटच्या खिशात. भाची कुलपाचं पोट उघडायची, आतल्या पितळेच्या इवल्या पट्ट्या बदलायची आणि तिन्ही कुलपांना एकच नवी किल्ली लावून द्यायची. जुनी किल्ली मग नुसती अडकवायला.

दातांच्या डॉक्टरांनी चार सीटचं एक जुनं विमान विकत घेतलं, तेव्हा हेच काम तिनं केलं होतं. नव्या किल्ल्या दोनच. एक डॉक्टरांच्या गळ्यात, एक धावपट्टीच्या व्यवस्थापकसाहेबांच्या कुलूपबंद कपाटात. आणि तरीही गेले तीन आठवडे त्या विमानात कोणीतरी बसून जात होतं.

"उजवी सीट मागे रेललेली सापडते," डॉक्टर म्हणाले. "हेडफोन भलत्याच खुंटीवर असतो. आणि काच आतून पुसलेली असते!"

"काही चोरीला गेलंय?" साहेबांनी विचारलं.

"धूळ," डॉक्टर म्हणाले. "पण प्रश्न धुळीचा नाही. किल्ल्या दोन आहेत. तिसरी असल्याशिवाय हे होणार नाही, आणि तिसरी किल्ली करू शकेल असं माणूस इथे एकच आहे."

हे बोलताना ते भाचीकडे बघत नव्हते, म्हणून ते तिला जास्तच लागलं. साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. छडा लागला तर ठीक, नाहीतर तिचा प्रवेशाचा पास रद्द. पास गेला की चौदा विमानं गेली. आणि कुलूपवालीची किल्लीवरून एकदा बोंब झाली की गावात गोठ्याच्या कडीलाही कोणी हात लावू देत नाही. सहा वर्षं राबून कमावलेलं नाव होतं ते. तिला दोन रात्री झोप नव्हती.

शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा मामा भिंग घेऊन दारात उभे होते.

"मामा, तुम्ही नका ना येऊ."

"बाळ, तू घाबरू नकोस. मी आहे," मामा म्हणाले. तिची भीती दुप्पट झाली.

विमानं ठेवायच्या हँगरमध्ये ते विमान कोपऱ्यात, उजवी बाजू भिंतीकडे करून उभं होतं. मेकॅनिकचा हवेचा पंप असा धडधडत होता की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. झाडणाऱ्या मावशी नेहमीप्रमाणे झाडत होत्या.

"मावशी, पुरावे झाडू नका!" मामा ओरडले.

"काय म्हणता?"

"पुरावे!"

"ते मागच्या बाजूला टाकते मी सगळं, डब्यात," मावशी म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

मामांचा पहिला संशय विमानाच्या जुन्या मालकावर होता. "त्याचा जीव विमानात अडकलाय. येतो, बसतो, आठवणी काढतो." भाचीनं जुनी किल्ली दाराला लावून दाखवली. ती अर्धी आत गेली आणि अडली. मामांनी स्वतः पिळून पाहिली, तेव्हा ती वाकली.

मग डॉक्टरांनी डावं दार उघडलं आणि मामा भिंगासकट आत शिरले. पाच मिनिटांनी ते बाहेर आले ते विजयी मुद्रेनं. त्यांच्या चिमटीत केसांचा एक आकडा होता.

"हत्यार!" ते म्हणाले. "यानं कुलूप उघडलं जातं."

"मामा, हा त्या कुलपात शिरणारसुद्धा नाही. जाड आहे."

"म्हणजे केसांसाठीच वापरलाय," मामांनी तोंडाची दिशा न बदलता मत बदललं. "डॉक्टरांना केस नाहीत. साहेबांना आहेत, पण मोजके. लांब केस इथे कोणाचे?"

सगळ्यांनी मेकॅनिककडे पाहिलं. त्याची शेपटी पाठीवर रुळत होती.

"मी रबर लावतो," मेकॅनिक म्हणाला आणि लावलेलं रबर दाखवलं. शिवाय त्यानं हात पुढे केले. कोपरापर्यंत ग्रीस. या हातांनी काच पुसली असती तर ती काच राहिलीच नसती.

तेवढ्यात चहाला आलेले उड्डाणशिक्षक मामांच्या तावडीत सापडले. विमानात शिकवणारा माणूस उजवीकडे बसतो, हे कळल्यावर मामांचे डोळे चमकले. "उजवी सीट! लांब पाय! म्हणून सीट मागे!" त्यांनी शिक्षकांना उजव्या सीटवर बसायला लावलं. शिक्षकांचे गुडघे हनुवटीला टेकले. सीट मागे सरकवलेलीच नव्हती, नुसती पाठ रेलवलेली होती. शिक्षकांना बाहेर काढायला मेकॅनिकची मदत घ्यावी लागली, आणि त्या गडबडीत मावशींनी त्यांच्या बुटांखालचं झाडून घेतलं.

बारा वाजले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पासचं रजिस्टर मागवलं. सगळ्यांना बाजूला करून डॉक्टरांनी डावं दार लावलं, किल्ली फिरवली आणि रोजच्या रीतीनं तीनदा ओढून पाहिलं.

"थांबा," मामा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला, हात पाठीमागे बांधले. "उकल झाली आहे. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे ते किल्लीनं उघडलं. एक किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात. ते अंघोळीलाही काढत नाहीत. दुसरी कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या कमरेला. म्हणजे तिसरी किल्ली आहे. ती करायला हवी कुलपाची आतली मापं. ती मापं ठाऊक आहेत फक्त एकाच व्यक्तीला, आणि ती व्यक्ती म्हणजे..."

इथे मामांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं. ते थांबले. पंपसुद्धा नेमका त्याच वेळी बंद पडला. सगळे भाचीकडे बघत होते. परक्यांनी संशय घेतला तो तिनं गिळला होता, पण सख्खा मामा भर हँगरमध्ये तिला चोर ठरवत होता, आणि तेही मुद्देसूद.

मामांचा चेहरा उतरला होता. "मला एक कागद द्या," ते साहेबांना म्हणाले. खिडकीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो वाचला, भुवया उंचावल्या आणि रजिस्टर घेऊन आलेल्या कारकुनाकडे दिला. कारकुनानं लगेच शिक्का मारला.

"झालं का तुमचं?" मावशींनी झाडू भिंतीला टेकवत विचारलं. "तो पंप पुन्हा सुरू व्हायच्या आत जरा टेकते मी."

त्या पंखाखालून वाकून भिंतीच्या बाजूला गेल्या. क्षणभरानं कुलूपबंद विमानाच्या काचेआड मावशी दिसल्या. त्यांनी उजवी सीट रेलवली, अंबाड्याचे दोन आकडे काढून मांडीवर ठेवले, हेडफोन कानांवर चढवला आणि डोळे मिटले.

डॉक्टरांचा हात आपोआप गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

भाची धावतच पलीकडे गेली. उजवं दार सताड उघडं होतं. त्या दाराला बाहेरून किल्लीच नसते. ते आतून कडी दाबून लावायचं आणि मग डाव्या दारानं उतरायचं. कुलपं बदलली त्या दिवशी तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, उजवं दार आतून लावता ना? डॉक्टर "हो, हो" म्हणाले होते, आणि तिनं तपासणीच्या तक्त्यावर 'बरोबर'ची खूण करून टाकली होती. डॉक्टर एकटेच उडत. उजव्या दाराला त्यांनी आजवर हातही लावला नव्हता. आणि या धंद्यातली सगळी माणसं वैमानिकाच्या बाजूनं, डावीकडूनच, विमानाशी जातात. तीन आठवडे सगळे डावीकडे उभे राहून चोर शोधत होते.

"मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?" साहेब ओरडले.

"कोणी विचारलं कुठे?" हेडफोन अर्धा काढत मावशी म्हणाल्या. "पंपानं डोकं फुटतं हो माझं. यात आवाज येत नाही. फुकट नको म्हणून काच पुसून देते."

डॉक्टर ओशाळले. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "मग आता काच कोण पुसणार?"

भाचीचा पास तिथल्या तिथे वर्षभरासाठी वाढवून मिळाला. तिनं तक्त्यावरची ती खूण स्वतः खोडली आणि कडी दाबूनच खूण करायची असं कबूल केलं. मग साहेब मामांकडे वळले. "तुमचा मात्र घोटाळा झालाय. तुम्ही लिहून दिलंत की, विमानात बसायची हौस म्हणून भाचीच्या नकळत तिसरी किल्ली तुम्हीच केलीत. कागदाला आवक क्रमांक पडलाय. आता तो मागे घेता येत नाही."

मामांनी मान डोलावली. एकतीस वर्षं हेच वाक्य ते खिडकीतून लोकांना ऐकवत आले होते. त्यांना धावपट्टीच्या आवारात वर्षभर बंदी झाली.

फाटकाबाहेर येताच भाची मामांकडे वळली. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि रागानं कान तापले होते.

"तुम्हाला खरंच वाटलं, मी चोरून किल्ली केली?"

"पुरावे तसे होते."

"सहा वर्षांत एक किल्ली जास्तीची केली नाही मी! मला एकदा विचारायचं तरी!"

मामांनी भिंग खिशात घातलं.

"विचारलं असतं," ते म्हणाले, "पण तू 'हो' म्हणाली असतीस तर?"