घर हे सूत्र नाही

प्रभाकर ढवळे मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी त्यांना माझं नाव सांगितलं, आणि त्यांनी ते माझ्या नवऱ्याकडून खात्री करून घेतलं. मी समोरच उभी होते. मंदारला जरा बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "केतकी हेच नाव ना?" मंदार गोंधळून हो म्हणाला. मग ते माझ्याकडे वळले, हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाले, "या केतकीताई, डार्विनमध्ये स्वागत आहे."

आम्ही नुकतेच पुण्याहून इथे, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आलो होतो. मंदारला गॅसच्या प्रकल्पात नोकरी लागली होती, मला सरकारी खात्यात आयटीचं काम. ढवळे आमच्याच ब्लॉकमध्ये, बरोबर खालच्या युनिटमध्ये. मूळचे जालन्याचे. तिथल्या एका दैनिकात ते पंधरा-सोळा वर्षं वार्ताहर होते. बायको सुनंदाताई नर्स. त्यांना इथल्या हॉस्पिटलात काम मिळालं आणि त्यांच्या व्हिसावर ढवळे आले. आल्यावर त्यांनी सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरायचं काम धरलं. त्याचं त्यांना जराही वाईट वाटत नसे. दोन्ही धंदे सारखेच आहेत, असं ते म्हणायचे. फरक एवढाच, की दुकानात जुना माल पुढे आणि नवा मागे ठेवतात, पेपरात उलटं.

काम सुटलं तरी वार्ताहर सुटला नव्हता. कुणी काहीही सांगितलं की ढवळे मान थोडी तिरकी करून विचारायचे, "कोण सांगतं?" आणि त्याचं उत्तर मिळालं की, "आणखी कोण?" एका माणसाच्या सांगण्यावर ते कशावरच विश्वास ठेवत नसत. गणपतीत कुणी म्हटलं मोदक छान झालेत, तर ढवळे ताटावरून नजर फिरवून दुसरा खाणारा शोधायचे. आमची इरा तेव्हा सहा वर्षांची. शाळेत आपल्याला बक्षीस मिळालं असं तिने त्यांना सांगितलं आणि धावत वर आली. "आई, ही वॉन्ट्स टू टॉक टू यू. ही नीड्स अ सेकंड सोर्स."

एकदा इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पजवळच्या मगरीचा फोटो फिरला. डार्विनमध्ये मगर निघणं काही विशेष नाही, पण ही फारच मोठी होती. ढवळे कामावरून सुटल्यावर थेट रॅम्पवर गेले, मासे पकडणाऱ्या दोघांना भेटले आणि ग्रुपवर लिहिलं: "एकाने पाहिली, एकाने नाही. बातमी थांबवली आहे."

हे सगळं आम्हाला गमतीचं वाटायचं. मी एकदा त्यांना विचारलं, की एवढी कसली खात्री करत बसता. तेव्हा त्यांनी जालन्याची गोष्ट सांगितली. तिथे नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं. ते नवीन असताना नगरपालिकेतल्या एकाने त्यांना सांगितलं की अमुक भागात उद्या सकाळी पाणी सुटणार. त्यांनी छापलं. पाणी आदल्या रात्रीच येऊन गेलं होतं. सकाळी ते त्या गल्लीतून गेले तर दारोदारी भांडी मांडलेली, आणि बायका त्यांच्याकडे नुसत्या बघत होत्या. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, म्हणाले. "बातमी म्हणजे काय केतकी? लोक तिच्या भरवशावर हंडे मांडतात."

इथल्या कम्युनिटी रेडिओवर रविवारी अर्धा तास मराठी कार्यक्रम असतो. गाणी, वाढदिवस, आणि शेवटी पाच मिनिटं ढवळ्यांची 'वार्ता'. श्रोते म्हणाल तर आमचीच काही घरं. पण ढवळे इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत जायचे आणि प्रत्येक वेळी सुरुवात दुरुस्तीने करायचे. "मागच्या रविवारी आम्ही सांगितलं, की पाटणकरांच्या अंगणातला आंबा हापूस आहे. तो इथलाच केन्सिंग्टन प्राइड असल्याचं आढळून आलं आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत." पाटणकर पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

मग कोविड आला आणि ढवळ्यांचा भाव एकदम वधारला. शेल्फवरचे टॉयलेट पेपर संपले तेव्हा सगळं मंडळ त्यांना फोन करायला लागलं, की माल कधी येणार. ते म्हणायचे, "ट्रक आलेला मी पाहिला आहे. ट्रकमध्ये काय आहे ते पाहिलेलं नाही."

पण खरी बातमी त्यांच्या घरातच होती. परदेशातून परतणाऱ्यांना विमानाने डार्विनला आणायचे आणि शहराबाहेर, कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या छावणीत दोन आठवडे ठेवायचे. सुनंदाताईंची ड्यूटी तिथे लागली. भारतातून विमानं यायला लागली तेव्हा तर आमच्यातल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी ओळखीचं आत आहे असं वाटायचं. आत किती आहेत, मराठी कोण आहेत, कोण आजारी आहे. सगळे ढवळ्यांना विचारायचे. ते म्हणायचे, "घर हे सूत्र नाही." अगदी सुरुवातीला त्यांनी सुनंदाताईंना एकदाच काहीतरी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, की पेशंटबद्दल पुन्हा विचारलंस तर मी तुझ्या हातचं जेवणार नाही. स्वयंपाक ढवळेच करायचे आणि त्यांना त्याचा अभिमान होता, त्यामुळे विषय तिथेच मिटला. गावातली सगळ्यात मोठी बातमी रोज संध्याकाळी त्यांच्या समोर बसून वरणभात खायची आणि आमटीत मीठ कमी आहे एवढंच बोलायची.

भारतात दुसरी लाट भयंकर होती त्या दिवसांतली गोष्ट. ग्रुपवर एक मेसेज आला. आपल्यातलीच एक नर्स पॉझिटिव्ह आहे, तरी दुकानात फिरते, सगळ्यांनी काळजी घ्या. नाव नव्हतं, पण छावणीत काम करणारी आमच्यात एकच नर्स होती. दोन दिवसांत इंडियन स्टोअरमध्ये सुनंदाताईंना बघून एक बाई भरलेली ट्रॉली तशीच सोडून निघून गेली. रेडिओवरच्या निवेदिकेने ढवळ्यांना निरोप पाठवला, की थोडे दिवस स्टुडिओत नाही आलात तर बरं.

मी चिडून खाली गेले. ढवळे कणीक मळत होते. मी म्हटलं, रविवारी रेडिओवर सरळ सांगून टाका की हे खोटं आहे.

"मी नाही सांगू शकत," ते म्हणाले. "मी तिचा नवरा आहे. नवरा काहीही सांगेल."

"पण तुम्हाला माहीत आहे ना की हे खोटं आहे?"

"मला माहीत असून काय उपयोग? शोध तू घे. तुझा यात काही संबंध नाही."

आणि कणकेचे हात तसेच ठेवून त्यांनी मला वार्ताहर कसं व्हायचं ते शिकवलं. प्रत्येकाला एवढंच विचारायचं, की तुम्हाला कोणी सांगितलं. चिडायचं नाही. कुणाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही. जिच्याबद्दल बोललं जातंय तिला शेवटी विचारायचं, पण विचारायचंच.

मी फोन लावत गेले. मेसेज मंडळातल्या अर्चनाने टाकला होता. तिला तिच्या शेजारणीने सांगितलं होतं की नर्सताई पॉझिटिव्ह आहेत. शेजारीण म्हणाली, छे, मी फक्त आजारी म्हटलं होतं, ते मला स्टोअरमध्ये कळलं. मी स्टोअरच्या मालकाकडे गेले. तो भला माणूस, विचारल्यावर घाबरलाच. तो म्हणाला, "मैंने तो बस इतना बोला कि दीदी गाड़ी में बैठी थीं। बहुत देर तक। आँख-नाक पोंछ रही थीं। मुझे लगा तबीयत ठीक नहीं।"

राहिल्या सुनंदाताई. त्या सुट्टीच्या दिवशी मागे कपडे वाळत घालत होत्या. मी विचारल्यावर त्या हसल्याच. त्यांची प्रत्येक शिफ्टला टेस्ट होते, कालचीही निगेटिव्ह होती, आणि त्यांनी फोन काढून मला ते दाखवलंही. मग मी दुकानाबाहेरच्या गाडीबद्दल विचारलं. त्यांनी उशीचा अभ्रा झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि म्हणाल्या, ते राहू दे गं.

मी ढवळ्यांना जाऊन सगळं सांगितलं. कुणाची नावं घेतली नाहीत. ते डोळे मिटून, जुन्या संपादकासारखे ऐकत होते, मधे मधे मान डोलवत होते. आजारीचं पॉझिटिव्ह कसं झालं ते ऐकून तर खूशच झाले. मग मी सांगितलं, की मुळात पाहणाऱ्याने एवढंच पाहिलं होतं की ताई गाडीत बसून डोळे पुसत होत्या.

त्यांनी डोळे उघडले.

"किती वेळ?"

"बराच वेळ, म्हणाला."

मी वाट बघत होते की आता विचारतील, आणखी कोणी पाहिलं. त्यांनी विचारलं नाही. उठून गॅसवरचं भांडं उगाच उचललं, पुन्हा तिथेच ठेवलं. जरा वेळाने म्हणाले, "बातमीत एवढंच घे की ती बरी आहे आणि तिची नेहमी तपासणी होते. गाडीचं घेऊ नकोस."

त्या रविवारी 'वार्ता' मी वाचली. ढवळे स्टुडिओत आले नाहीत, बाहेर कारपार्कमध्ये गाडीतल्या रेडिओवर ऐकत बसले. मी बाहेर आल्यावर त्यांनी माझा एक उच्चार सुधारला. अर्चनाने ग्रुपवर माफी मागितली आणि सुनंदाताईंकडे पुरणपोळ्या घेऊन स्वतः गेली. ट्रॉली सोडून गेलेली बाईही पुढे त्यांच्याशी बोलायला लागली. निवेदिकेचा फोन आला, की या आता. लोक तसे वाईट नव्हते, घाबरलेले होते.

पण त्या आठवड्यात ढवळ्यांनी सुपरमार्केटमध्ये सांगून आपली आर्वो, म्हणजे दुपारची, शिफ्ट बदलून घेतली. सुनंदाताई आजवर स्वतः गाडी चालवत जायच्या. आता ढवळे त्यांना छावणीवर सोडायला आणि आणायला जायला लागले. संध्याकाळी गाडी आमच्या बाल्कनीखालच्या कारपोर्टमध्ये येऊन थांबायची. इंजिन बंद व्हायचं. आणि दोघांपैकी कुणीच उतरायचं नाही. अर्धा अर्धा तास.

मला वाटलं, आता त्या सांगत असतील. शेवटी न राहवून मी एकदा ढवळ्यांना विचारलंच, की ताई तिथलं काही बोलतात का.

"नाही. एकदाच म्हणाली, एकाचं कोणीतरी तिकडे भारतात वारलं आणि हा इथे खोलीत बसून होता. बास. नाव नाही, गाव नाही."

"मग तुम्ही काय विचारता?"

"काही नाही," ते म्हणाले. "मी बसतो."

दुसऱ्या दिवशी मी वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले, तेव्हा गाडी नुकतीच आली होती. ड्राय सीझनचे दिवस, हवा छान होती, काचा खाली होत्या. सुनंदाताईंनी डोकं मागे टेकून डोळे मिटले होते. ढवळे मांडीवर नॅपकिन पसरून संत्रं सोलत होते. एकेका फोडीच्या शिरा ओढत, बी काढत, आणि साफ झालेली फोड त्यांच्या तळहातावर ठेवत. सुनंदाताईंनी डोळे न उघडता ती खाल्ली, आणि हात तसाच पुढे ठेवला.