किल्लेदार सुभानरावांची धिंड

श्रीगजाननास नमन असो, सरस्वतीने लेखणीस बळ द्यावे आणि वाचणाराने आपले मन सांभाळावे. शके सोळाशे अमुक, शुभकृतनाम संवत्सरी, एके राज्यात (नाव सांगत नाही, दरबारी रुसतील) ऐसे वर्तमान जाले की, दिवाळीचे पाडव्यास किल्लेदार सुभानराव, रूपाने केवळ मदनाचा पुतळा, पहारा टाकून आरशापुढे मिशांस पीळ देत बैसले, आणि गनीम दरवाजास येऊन भिडला. तेव्हा त्यांचे नायब भानजी नाईक, अंगाने ठेंगणे, चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला, यांनी एकल्याने दरवाजा लढविला, हातावर वार घेतला आणि किल्ला राखिला. मग न्यायाधीश जनार्दनशास्त्री यांनी निवाडा केला की, "सुभानरावांस गाढवावर उलटे बैसवून धिंड काढावी आणि किल्लेदारी भानजीस द्यावी. नीतीपुढे रूप ते काय?" भानजी घरी जाऊन बाइलेस बोलिले, "आता आपण बालेकिल्ल्यात राहू." उभयतांस फार संतोष जाला.

येथेच शास्त्रीबोवांची अक्कल चरावयास गेली. सुभानरावांस चव्हाट्यावर मिरविणे, ही काय शिक्षा जाली? डोई भादरली तो कपाळ अधिकच भव्य दिसो लागले, चुन्याचे पट्टे ओढिले ते गंधासारखे शोभले, आणि उलटे बैसल्याकारणे मागून येणाऱ्या अवघ्या गर्दीस मुखदर्शन अखंड घडत राहिले. मग बायांनी फुले टाकिली, तरण्या पोरांनी हौसेने डोया भादरून घेतल्या, आणि शेणाचे गोळे घेऊन आलेली म्हातारी म्हणाली, "मेल्यांनो, लेकराला ऊन लागतंय, छत्री धरा की." सुभानराव हसोन बोलिले, "आजीबाई, तुमचे शेणही आम्हांस प्रसाद." मग काय विचारता! धिंड न्यायसभेपुढे आली तेव्हा खुद्द शास्त्रीबोवा हात देऊन त्यांस उतरविते जाले, आणि "पाठीस त्रास तो नाही ना जाला?" ऐसे पुसते जाले, आणि भानजीच्या मापाची शिवलेली किल्लेदारीची वस्त्रे सुभानरावांचेच अंगावर घातली. ती गुडघ्यापर्यंतच पोहोचली, तरी लोक म्हणाले, काय नवी तऱ्हा आहे.

भानजी पुढे होऊन म्हणाले, "शास्त्रीबोवा, दरवाजा म्यां राखिला." शास्त्रीबोवा म्हणाले, "नाईक, तुमची निष्ठा धन्य आहे. अंमळ बाजूस सरा, मागल्या लोकांस किल्लेदार दिसत नाहीत." भानजी सरले, आणि जखमी हात पोटाशी धरून घरी गेले, आणि बाईल सामानाची बांधाबांध करीत होती, तीस म्हणाले, "राहू दे."

ऐसी हकीकत जाली. नीती त्या राज्यात सर्वांस मान्य होती, आजही आहे. परंतु तीस नाकडोळे नाहीत, म्हणोन कोणी वळून पाहत नाही. जैसे घडले तैसे लिहिले, अधिकउणे वाचणाराने पोटात घालावे.