आकडा धरू नये

आमची ही गेली, ते नातेवाइकांना तासाभरात कळलं. वेधशाळेला कळायला पाच दिवस लागले.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. वेधशाळेच्या मॅडम होत्या.

"काका, काकूंचा आकडा आला नाही हो पाच दिवस. बऱ्या आहेत ना त्या?"

मी सांगितलं. मॅडमनी काकू कधी गेल्या, ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षं, काका. एक दिवस चुकला नव्हता. आमच्याकडे अशी वही दुसरी नाही. आता बंदच पडणार ती."

ते 'बंद पडणार' मला लागलं. मी फ्रीज दुरुस्त करणारा माणूस. बंद पडलेलं चालू करणं हा माझा धंदा!

"बंद कशाला पडेल?" मी म्हणालो. "उद्यापासून मी देतो आकडा. चाळीस वर्षं गार-गरमच बघतोय. डाव्या हाताचा मळ आहे हा माझ्या!"

हिचं काम तसं साधं दिसायचं. जुन्या खिडकीच्या झडपा जोडून तिनं एक पांढरी पेटी केली होती. पेटीत थर्मामीटर, पेटी गच्चीवर. रोज सकाळी आठला वर जायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि वेधशाळेला कळवायचा. ताप असला तरी जायची. आमच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी नवी साडी सावरत गेली होती. वहीत आणखी एक रकाना होता, पाकोळ्यांचा. दर वर्षी गच्चीतल्या टाकीखाली हे चिमुकले काळे पक्षी घरटी करतात. त्या कधी आल्या, ते त्यात लिहायचं. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात आहे: "पाकोळ्या अजून नाहीत."

पहिल्या दिवशी मी वर गेलो. आमच्या दारापासून गच्चीपर्यंत बावन्न पायऱ्या. तिसाव्या पायरीला माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. ही माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, आणि सव्वीस वर्षं हे करत होती! त्यातली वीस वर्षं मी खाली चहाची वाट बघत "किती वेळ लावतेस?" म्हणून ओरडत होतो.

मग मी डोकं चालवलं. पेटीच खाली आणली आणि मागच्या गॅलरीत ठोकली. सावली आहे, वारा आहे, अंथरुणातून उठलं की चार पावलं! तिला हे सव्वीस वर्षांत सुचलं नाही याचं मला नवलच वाटलं.

पहिला आकडा: सत्तावीस पूर्णांक सहा. हिचा शेवटचा चोवीस होता. आठवड्यात मी अठ्ठावीसवर पोचलो.

मॅडमचा फोन. आवाज चढलेला. "काका, नीट वाचताय ना? काकूंच्या वहीत सव्वीस वर्षांत दीड अंश वाढ आहे. तुमच्याकडे एका आठवड्यात चार!"

खोटं कशाला बोलू, मला जरा अभिमानच वाटला. याला म्हणतात कामाचा वेग!

ही गोष्ट मी खालच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांना सांगितली, ही माझी पुढची चूक. निवृत्त हेडमास्तर म्हणजे घंटा नसलेली शाळा. तासाभरात जिन्यातल्या फळ्यावर खडूनं अक्षरं उमटली: "आपली गल्ली तापते आहे! आठवड्यात चार अंश!"

गल्लीत हाहाकार! समोरच्यांनी पत्र्याला चुना फासला. त्यांचं बघून सगळ्यांनी गच्च्या पांढऱ्या केल्या. वरून बघणाऱ्याला वाटावं, गल्लीनं दाढीला साबण लावलाय. भिंतीशी रोपं लागली. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "काका, आज किती?" मी थोडं थांबून, खालच्या आवाजात, डॉक्टरनं सांगावं तसा आकडा सांगायचो. हिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या सोमवारी आकडा तेहतीस झाला. सकाळी आठला, तेहतीस!

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुमचा पारा दर सोमवारी उसळी मारतो. रविवारी तिकडे काय जळतं?"

"कचरा!" माझ्या खांद्यावरून हेडमास्तर ओरडले. "रविवारी सगळे कचरा जाळतात!" त्या दिवसापासून गल्लीत कचरा जाळणं बंद. जाळणाऱ्याच्या दारात मास्तर स्वतः बादली घेऊन उभे!

"मी उद्या येते," मॅडम म्हणाल्या. "हा आकडा खरा असेल, तर मोठी गोष्ट आहे. खोटा असेल तर काका, काकूंच्या वहीवरही लोक शंका घेतील. घर तेच, वही तीच."

हे मात्र मला झोंबलं. त्या रात्री मी थर्मामीटरची काच दोनदा पुसली.

मॅडम आल्या तेव्हा माझी मेव्हणी डबा घेऊन आलेली होती. हेडमास्तर हजर होतेच. मी सगळ्यांना गॅलरीत नेलं. मॅडमनी पेटी पाहिली. मग पेटीच्या खाली पाहिलं. मग पेटीखाली हात धरला.

"काका, हा फ्रीज चालू आहे?"

"चालू म्हणजे? माझ्या हातचा आहे! पंधरा वर्षांत एकदा बिघडला नाही!"

बोलून गेलो, आणि मग मीही पेटीखाली हात धरला.

ही गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण डबा आणायचा. घरातला फ्रीज भरला, म्हणून गॅलरीतला जुना मोठा फ्रीज मी चालू केला होता. रविवारी माणसं जास्त, म्हणून डबे जास्त, म्हणून सोमवारी फ्रीज जास्त धापा टाकायचा आणि मागून गरम हवा सोडायचा. थेट पेटीत! वीस-बावीस दिवस मी गल्लीचं तापमान म्हणून जे कळवत होतो, ते माझ्या घरी आलेल्या डब्यांचं होतं.

मेव्हणीनं कपाळाला हात लावला. "भावोजी, जन्मभर लोकांना सांगत आलात, फ्रीजमागे वीतभर जागा सोडा, गरम हवा येते म्हणून! ताई असती तर..."

"तर तिनं लिहिलं असतं," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

"लिहिलंच आहे की," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हिच्या जुन्या वह्या मागितल्या आणि पानं उलटून वाचायला लागल्या.

"'आज ह्यांनी पेटीवर बनियन वाळत घातला. आकडा धरू नये.'"

हेडमास्तर खाकरले.

"'ह्यांनी मला न विचारता पेटीला निळा रंग दिला. परत पांढरा देईपर्यंत आकडा धरू नये.' 'ह्यांनी पेटीत भिजलेल्या चपला सुकत ठेवल्या. आकडा धरू नये.'"

प्रत्येक वहीत मी होतो! मॅडम हसत होत्या, पण डोळे पुसत. "आमच्याकडे नवीन माणूस आला की आधी या पानांच्या नकला दाखवतो. चुकीचा आकडा कसा खोडायचा, ते यातून शिकवतो. काकूंनी स्वतःच्या घरातली चूक लपवली नाही, म्हणून तर या वहीवर भरवसा." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "म्हणजे ते 'ह्यांनी' तुम्हीच का!"

अख्खी वेधशाळा मला सव्वीस वर्षं ओळखत होती. बनियनसकट!

मॅडम गेल्यावर मी वही घेऊन बसलो. बावीस दिवसांवर रेघ मारली आणि लिहिलं: "मी पेटी फ्रीजच्या वर लावली होती. आकडा धरू नये." मेव्हणीनं वाचून मान हलवली. "ताईनं यापेक्षा कडक लिहिलं असतं," म्हणाली.

हेडमास्तरांनी फळा पुसला. गच्च्यांवरचा चुना मात्र कुणी खरवडला नाही. घरं खरंच जरा गार झालीत, असं वरच्या मजल्यावरची बाई म्हणते. कचराही पुन्हा कुणी जाळला नाही. बादली अजून मास्तरांच्या दारात आहे.

पेटी गच्चीवर, तिच्या जागी गेली. आता मी रोज बावन्न पायऱ्या चढतो. तिसाव्या पायरीवर एक स्टूल ठेवलंय. आठला आकडा लिहायचा तर मी साडेसातला निघतो. ही आठला पाच कमी असताना निघायची.

गेल्या मंगळवारपासून टाकीखाली काहीतरी येऊन राहिलंय. मास्तर म्हणतात पाकोळ्या. मेव्हणी म्हणते वटवाघळं! मी रोज बघतो, पण सव्वीस वर्षांत एकदाही तिच्याबरोबर वर गेलो नव्हतो, त्यामुळे मला ओळखता येत नाही. खात्री नसेल ते ती लिहीत नसे.

पाकोळ्यांचा रकाना अजून भरायचा आहे.