छातीवरची मशीन

तालमीत नायिकेला पळवून नेताना रामाजी धापकन खाली बसले, म्हणून नागभीडच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला तारा चिकटवल्या आणि कमरेला डबी अडकवली. ही मशीन उद्यापर्यंत काळजाचे ठोके टिपणार होती.

"मले नाई पायजे," रामाजी म्हणाले. "गावात तोंड कसं दाखवू?"

"मग नाटक विसरा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर मशीन लावून रोजच्यासारखं वागा, उद्या रिपोर्ट पाहून ठरवू."

मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, नाटकात खलनायक म्हणजे रामाजीच. ते गरजले की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकत. हा मान सोडणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी मुकाट्याने शर्टाची बटणं लावली. पण मशीन घेते ती परीक्षाच, पास व्हायचं तर चिडायचं नाही, असं धरून 'रोजच्यासारखं' तेवढं सोयीस्करपणे विसरले.

घरी अंगणातलं धान शेजारच्या सुकलूची बकरी खात होती. हा सुकलू नाटकात शिपाई व्हायचा.

"खाऊ दे, मुकं जनावर आहे," रामाजी म्हणाले.

सीताबाईंच्या हातातलं सूप निसटलं. "काऊन जी, बरं नाई वाटत?"

"बरं आहे. तू बस, चहा मी मांडतो."

सीताबाईंना रडूच कोसळलं. ते ऐकून सुकलूने गावभर सांगितलं, की रामाजीचं काही खरं नाही. नाटक बसवणारे नवाबभाई धावत आले.

"भाऊ, एक डायलॉग मारा न."

रामाजींनी डबीकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाले, "सोडनार नाई तुले, पोरी."

"तुमी त पोरीले सासरी पाठवून राह्यले," असं म्हणत नवाबभाई डोळे पुसत गेले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट झकास निघाला. परवानगी घेऊन रामाजी सीताबाईंसह थेट तालमीला गेले, तर त्यांच्या खलनायकाच्या मिशा सुकलूच्या ओठांवर.

"तुमच्यासाठी बापाचा रोल ठेवला, भाऊ," नवाबभाई म्हणाले. "खाटेवर पडूनच राहाचं आहे."

रामाजी असे गरजले की सुकलूच्या मिशा गळून पडल्या. नवाबभाई खूश झाले. "हाच आवाज! काल कुठी होता?"

उत्तर द्यायच्या आत रामाजी पुन्हा धापकन खाली बसले. त्यांना रिक्षात घालून सगळे डॉक्टरांकडे पळाले. सीताबाई वाटभर त्यांचा हात धरून होत्या.

डॉक्टरांनी कपाटातून तारा बाहेर काढायच्या आधीच रामाजींनी शर्ट वर केला.

"लावा," ते म्हणाले. "आता रोजच्यासारखा वागतो. अन् सुकल्या, तुही बकरी माह्या अंगणात सोड."