चिंधीच्या मूळ मालकाची संमती

राहात्याच्या एका शाळेत हस्तव्यवसाय हा विषय शिकवण्यासाठी शलमोन भिंगारदिवे यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. ही गोष्ट नेमणुकीच्या आड आली नाही. सुयांचे प्रकार, टाक्यांची वर्गवारी आणि श्रमप्रतिष्ठेवर दोन पाने एवढे त्यांना तोंडपाठ होते, आणि परीक्षेत तेवढेच विचारले गेले होते. पुढे अकरा वर्षे मास्तरांनी हा विषय फळ्यावर शिकवला. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले टाक्याची व्याख्या झोपेतसुद्धा सांगत, आणि सदऱ्याचे बटण तुटले की आईकडे जात. मास्तर मेरीबाईंकडे जात.

मेरीबाई म्हणजे त्यांची पत्नी. एकाहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी असेच बटण तुटले, आणि मेरीबाई घरात नव्हत्या. त्या शेजारी लंकाबाईच्या ओट्यावर होत्या. मास्तर एका हातात सदरा आणि दुसऱ्या हातात बटण घेऊन तिथे पोचले. ओट्यावर एक गोधडी पसरली होती आणि तिच्या चार बाजूंना चार बायका बसल्या होत्या. मेरीबाई, घरधनीण लंकाबाई, पलीकडच्या आळीतली राहीबाई आणि बनुबाई.

"अहो, माझे हात मोकळे नाहीत," मेरीबाई म्हणाल्या. "बसा तिथं आणि तुमचं तुम्हीच लावा."

"मास्तर तर शाळंत शिकिवत्यात की," लंकाबाई म्हणाली आणि तिने सुई पुढे केली.

अकरा वर्षांची नोकरी पणाला लागली. मास्तरांनी दोरा जिभेवर ओला केला. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग घाईत दोन्ही मिटले. शेवटी राहीबाईने सुई घेतली, ओवली आणि परत त्यांच्या हातात दिली. कुणी हसले नाही. त्यामुळे मास्तर दुसऱ्या दिवशीही गेले.

गोधडी राहीबाईच्या मुक्तासाठी चालली होती. मुक्ता कर्जतकडे दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि ऐन थंडीत तिचे दिवस भरत होते. गोधडीच्या मध्यभागी राहीबाईच्या मेलेल्या आईचे हिरवे लुगडे होते. लंकाबाईचा थोरला फौजेत होता, त्याचा खाकी सदरा एका अंगाला होता. बनुबाईने तिच्यात सासूची जुनी चोळी जोडली होती आणि सासूचा विषय निघाला की ती नेमकी त्याच तुकड्यावर सुई मारी. मेरीबाईंनी लग्नातल्या पांढऱ्या पातळाचा काठ दिला होता. मास्तरांनी आपला एक बुशशर्ट दिला, जो अंगात असताना ते खात्याच्या बढतीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले होते. तो शर्ट ते सहा वर्षे टाकूनही देत नव्हते आणि घालतही नव्हते.

आठवड्याने त्यांनी धावदोऱ्याची एक अख्खी ओळ पुरी केली. ती ओळ उसातून साप निघावा तशी निघाली होती. मास्तर ती उसवायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," राहीबाई म्हणाली. "मास्तरांनी घातली म्हनून वळखू तरी यील."

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले ते बोटाला सुई कुठे कुठे टोचली हे पाहत. नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हाही त्यांना इतके सुख झाले नव्हते. ते सुखाने जेवले, आणि जेवताना मेरीबाईंना टाक्याची व्याख्या काय आहे ते सांगितले. मेरीबाईंनी भाकरी वाढली.

साध्या माणसाला सुख झाले की तो ते भोगतो. मास्तर शिक्षक होते. त्यांनी त्यावर भाषण केले. शाळेच्या संमेलनात 'हातांनी घडवण्याचा आनंद' या विषयावर ते चाळीस मिनिटे बोलले. समोर पहिल्या रांगेत तालुक्याचे विस्तार अधिकारी आप्पासाहेब बसले होते. विस्तार करणे हे त्यांचे काम होते. कशाचा, ते वेळोवेळी ठरत असे. चहाच्या वेळी त्यांनी मास्तरांना बाजूला घेतले.

"बायका जमतात, शिवतात आणि त्यांना आनंद होतो, असं म्हणालात. याची नोंदणी आहे?"

"नाही साहेब. ओट्यावर बसतात."

"म्हणजे आज आनंद होतोय. उद्या बंद पडला तर जबाबदार कोण?"

या बाजूने मास्तरांनी विचार केला नव्हता.

अशा रीतीने 'गृहहस्तकला आनंद मंडळ, राहाता (नियोजित)' स्थापन झाले. नियमाप्रमाणे सात सभासद लागत होते. चार बायका, पाचवे मास्तर. सहावा म्हणून शाळेचा शिपाई पुंजाराम घेतला आणि सातवे, मार्गदर्शनाच्या हेतूने, आप्पासाहेब स्वतः झाले. अध्यक्ष मास्तर झाले, कारण अर्ज त्यांच्या अक्षरात होता. "मास्तर म्हनत्यात तर आसंल कायतरी चांगलंच," असे म्हणून लंकाबाईने अंगठा उठवला.

मंडळ झाले म्हणजे सभा आल्या, आणि सभा आल्या म्हणजे इतिवृत्त आले. मास्तर आता ओट्याच्या कडेला खुर्चीवर बसून लिहू लागले. एका हाताने लिहायचे आणि त्याच हाताने शिवायचे हे जमण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी शिवणे तात्पुरते थांबवले. पहिल्या सभेचे इतिवृत्त आजही वाचण्यासारखे आहे. 'विषय क्रमांक तीन: बनुबाई यांच्या सासूच्या वर्तनाबाबत. सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील सभेपर्यंत राखून ठेवण्यात आला.' पुढच्या सभेच्या आरंभी मागचे इतिवृत्त वाचून कायम करायचे असते. मास्तरांनी ते वाचले, खणखणीत आवाजात, कारण त्यांना वर्गाची सवय होती. ओटा रस्त्याला लागून होता आणि बनुबाईची सासू त्याच वेळी गिरणीवरून येत होती.

त्यानंतर ओट्यावर कुणी बोलेना. मास्तरांनी 'सभेचे कामकाज शांततेत पार पडले' असे लिहिले.

मंडळाच्या वस्तूला आता जिल्ह्याचा हस्तनिर्मितीचा दाखला लागत होता, आणि त्यासाठी पुढचा कागद आला तो कच्च्या मालाबद्दल. वस्तू हाताने बनवलेली आहे हे ठरवण्यापूर्वी ती कशाची बनवली हे ठरले पाहिजे, हे कुणालाही पटेल. त्यासाठी एक तक्ता होता. त्याच्या पहिल्या रकान्यात चिंधीचे वर्णन, दुसऱ्यात मूळ मालकाचे नाव, वय आणि व्यवसाय, तिसऱ्यात मूळ मालकाची संमती. आणि खाली बारीक अक्षरात, मालक मयत असल्यास वारसाची संमती. मास्तर तक्ता घेऊन राहीबाईसमोर बसले.

"हे हिरवं लुगडं तुमच्या आईचं. तुम्ही वारस. तुमची संमती आहे ना?"

"कशाला?"

"गोधडीत घालायला."

"मीच घातलंय की त्ये."

"ते खरं. पण घालण्याआधी तुम्ही स्वतःची परवानगी घेतली होती का?"

राहीबाईने सुई थांबवून बराच वेळ विचार केला. "न्हाई वो," ती म्हणाली. "ध्यानातच आलं न्हाई."

तिच्याकडून तिलाच मागील तारखेची संमती देववली, पुंजाराम साक्षीदार झाला आणि हा प्रश्न मिटला. बनुबाईची सासू मात्र जिवंत होती. तिच्याकडे तक्ता गेला तेव्हा तिने संमती नाकारली आणि चोळी परत मागितली. तो तुकडा उसवून काढावा लागला. त्या दिवसापासून बनुबाई यायची बंद झाली. मास्तरांनी तिला 'सलग तीन सभांना गैरहजर' अशी नोटीस पाठवली, ती अर्थातच सासू-सुनेच्या सामाईक दारावर चिकटवली.

पौष लागला. मुक्ता माहेरी आली. गोधडी पुरी झाली, आणि त्याच आठवड्यात आप्पासाहेब तपासणीला आले. त्यांनी विती मोजल्या, टाके मोजले आणि मान हलवली.

"काम बरं आहे. आता जिल्ह्याला नमुना पाठवावा लागेल. एक हात लांब, एक हात रुंद."

"साहेब, वेगळा शिवून देऊ," मास्तर म्हणाले.

"वेगळा शिवला तर तो नमुन्याचा नमुना झाला. नमुना याच वस्तूचा पाहिजे. आणि कडेचा चालत नाही. कड कुणीही बरी करतो. मधला द्या."

कात्री आली. अध्यक्ष या नात्याने कापण्याचा अधिकार मास्तरांचा होता. लंकाबाई उठून आत गेली. मेरीबाई मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. राहीबाईने हिरव्या तुकड्यावर हात ठेवला होता, तो उचलला नाही.

"मास्तर, पोराचं अंग हितंच येतंय," ती म्हणाली.

"राहीबाई, नमुना परत येतो. मग पुन्हा जोडता येईल. मी सही केलीय."

राहीबाईने हात काढून घेतला. मास्तरांनी कापले. अकरा वर्षे ते मुलांना कात्री कशी धरावी हे सांगत आले होते, आणि त्या दिवशी त्यांनी ती अगदी बरोबर धरली होती. तुकडा चौरस, चारही कडा सरळ आला. आप्पासाहेबांनी त्यांचे कौतुक केले.

पंधरा दिवसांनी जिल्ह्याचा शेरा आला. 'पाठवलेला नमुना हस्तनिर्मित असल्याचे दिसून येते. तथापि, उर्वरित वस्तूस मध्यभागी भोक असल्याचे कळते, त्याचा खुलासा करावा. खात्रीसाठी उर्वरित वस्तू सादर करावी.' उर्वरित वस्तू सादर करण्यात आली. ती पुंजारामाने सुतळीने बांधून एसटीच्या टपावर टाकली, आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी मुक्ताला मुलगी झाली.

थंडी त्या वर्षी वाईट होती. पोरीला मेरीबाईंच्या शालीत गुंडाळली. शाल मोठी, पोर हातभर. पाय मारून मारून ती उघडी पडे. सहाव्या दिवशी पोरीची छाती भरली. राहीबाईने ओव्याचा शेक दिला, रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसली, आणि तीन दिवसांनी श्वास मोकळा झाला. हे मास्तरांना कुणी सांगायला आले नाही. मेरीबाईंनी जेवताना सांगितले. नंतर त्या म्हणाल्या, "याची नोंद नाही का करायची?"

मास्तर ताटावरून उठले आणि सकाळच्या गाडीने नगरला गेले.

कचेरीत त्यांना गोधडी लगेच दिसली. ती घडी करून एका खुर्चीवर ठेवली होती, आणि घडीवर कारकून बसला होता.

"ती आमची गोधडी आहे," मास्तर म्हणाले.

"कशावरून?"

"तिच्यात एक ओळ वाकडी आहे. ती मी घातलीय."

कारकुनाने उठण्याचे कष्ट न घेता फाइल काढली. "बरोबर. दोष क्रमांक एक, वाकडी ओळ. म्हणजे दोष तुमचा. गोधडी मंडळाची आहे. मंडळाचा ठराव आणा."

"ठराव आजच करतो."

"सात सभासदांपैकी पाच हजर पाहिजेत."

मास्तरांनी मनातल्या मनात मोजले. आप्पासाहेब, पुंजाराम आणि आपण. पुढे बोटे चालेनात. ते तिथेच उभे राहिले. कारकुनाला त्यांची दया आली असावी, कारण त्याने कपाटातून एक पुडके काढून त्यांच्यापुढे ठेवले. कागदपत्रांच्या पूर्ततेत गृहहस्तकला आनंद मंडळ जिल्ह्यात पहिले आले होते. पुडक्यात एक प्रशस्तिपत्र आणि गिरणीत विणलेली एक नवी कोरी चादर होती. "हिचे टाके बघा," कारकून म्हणाला. "सगळे सारखे."

मास्तर राहात्याला उतरले ते चादर काखेत मारून. लंकाबाईचा ओटा रिकामा होता. त्यांची खुर्ची तेवढी तिथे होती. पलीकडच्या आळीत, राहीबाईच्या गोठ्यामागे उन्हात त्यांना बायकांचे बोलणे ऐकू आले. बनुबाई सासूचे काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. मास्तर कोपऱ्यावरून वळले तसे बोलणे थांबले. चौघींच्या मध्ये हातभर गोधडी होती, नवी. मुक्ता भिंतीला टेकून पोरीला घेऊन बसली होती.

"या मास्तर," लंकाबाई म्हणाली. "राहीबाई, मास्तरांना पाट दे."

मास्तर पाटावर बसले नाहीत. त्यांनी चादर राहीबाईपुढे ठेवली. तिने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "म्हशीवर घालू."

"राहीबाई," मास्तर म्हणाले, "माझं चुकलं." यापुढे त्यांनी एक भाषण तयार केले होते, गाडीत दोनदा घोकले होते. ते त्यांना आठवेना.

मग मेरीबाई म्हणाल्या, "तो खिशातला पेन आधी इकडे द्या."

मास्तरांनी पेन दिला. राहीबाईने सुई ओवून त्यांच्या हातात ठेवली आणि थोडी सरकून कडेला जागा केली. "कुटं बोलायचं न्हाई बरं का," ती म्हणाली. "चांगलं झालं म्हनून तर आजाबात न्हाई."

मास्तरांनी तो शब्द पाळला. फक्त एकदा, स्टँडवर गाडीची वाट पाहताना, ते आमच्यापाशी बोलून गेले. ऐकता ऐकता आमचे मन भरून आले, आणि अशा बायकांसाठी कुणीतरी काहीतरी करायला हवे, असे आम्हाला तीव्रतेने वाटले. आम्ही तसे मास्तरांना बोलून दाखवले आणि राहीबाईचा गोठा नेमका कुठे, हे विचारले. मास्तरांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि सांगितले, की त्या सगळ्याजणी आता राजूरला राहायला गेल्या आहेत. आम्ही राजूरला गेलो. दोन दिवस डोंगर चढलो आणि उतरलो. त्या बायकांचे नावही तिथे कुणी ऐकलेले नव्हते.

हे वाचताना तुमच्याही मनात तसाच काही चांगला विचार आला असेल, तर राजूरची गाडी सकाळी असते.